माधवरावांनी चाल चेलोला दिली

माधवरावांची ओळख झाली ती सिंगापुरात, हौगांगला, आमच्या ब्लॉकखालच्या गणपतीत. मी मांडी घालून व्हायोलिन वाजवत होतो. आरती संपल्यावर हे पुढे आले. "हात मोकळा आहे तुमचा. आमच्या चार तंतुवाद्यांच्या संचात याल?" मी म्हटलं, "मला तुमची ती इंग्रजी स्वरलिपी येत नाही." म्हणाले, "मी सा रे ग म लिहून देईन."

आणि दिलं. आजही देतात, मोठ्या अक्षरांत, माझा चष्मा ओळखून. पंचाहत्तरीचा माणूस, नावाजलेला संगीतकार, माझ्यासाठी हमाली करतो. एवढं चांगलं वागलेलं मला सोसत नाही, पण खरं ते खरं.

पूर्वी ते साठ-साठ वादकांसाठी लिहायचे. सत्तरीनंतर फक्त चार तंतुवाद्यं. स्वरही कमी केले. जे ठेवतात ते काळजाला लागतं.

गेल्या वर्षीच्या रचनेत संथ भागाची चाल मलाच मिळणार, हे मी धरून चाललो होतो. ती गेली आमच्या संचातल्या सुनंदाताईंच्या चेलोला, त्या जाड आवाजाच्या मोठ्या व्हायोलिनला. मला काय? खाली लांबलचक 'सा'. पासिर रिसला माधवरावांच्या फ्लॅटवर तालीम चालू असताना मला राहवलं नाही. मीही तीच चाल वाजवायला लागलो.

सुनंदाताई थांबल्या. "काका, हे माझं आहे."

"दोन ओळी मला दिल्या तर काय बिघडतं?"

माधवराव हसले. "करा अदलाबदल."

मी वाजवली. जीव ओतून, हरकती घेत. व्हियोला वाजवणारा शेजारी लिम खो खो हसला. "अंकल, टू मच मसाला लाह!"

माधवराव हसले नाहीत. "सुंदर वाजवलंत. पण त्यात माझं काही उरलं नाही."

आलो परत 'सा'वर. कार्यक्रम झाला, लोक डोळे पुसत सुनंदाताईंकडे धावले. माझ्या 'सा'ला कुणी विचारलं नाही. सुनंदाताई वाजवतात उत्तमच. म्हणून तर जास्त जळतं. चाल माझ्या हातात आणखी रंगली असती, हे माझं मत आजही तेच आहे.

तर माधवराव, तब्येत सांभाळा. गोळ्या वेळेवर घ्या, सकाळचं चालणं चुकवू नका. एक चाल माझ्यासाठी लिहा, हरकतींना जागा ठेवून. घाई नाही, हवी तितकी वर्षं घ्या. पण ती पुरी होईपर्यंत तुम्हाला कुठंही जाता येणार नाही.