गावाच्या जागी झाडं

"पण ही दिसत नाही ना तिथली?" असं म्हणून सरांनी माझ्याकडे बोट केलं.

चौदाव्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत आम्ही चौघं उभे होतो. आमच्या सेल्स ऑफिसचे सर, मी आणि मुलुंडहून फ्लॅट बघायला आलेलं एक जोडपं. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, बोलायला एकदम गोड. खाली आमचं गाव दिसत होतं. स्लॅबची घरं, मधेच पत्र्याची, गावदेवीच्या देवळाचा झेंडा, पलीकडे खाडी. बाईंनी नाकाला रुमाल लावला होता. चौदाव्या मजल्यावर कसला डोंबलाचा वास येतोय? वारा तर उलटा जासईकडून, कंटेनर यार्डाच्या बाजूने येत होता. पण त्यांना वास आला.

"हे कधी हलणार?" बाईंनी विचारलं. हलणार म्हणे. आम्ही काय कपाट आहोत?

"दोन वर्षांत सगळं क्लीअर होईल मॅडम," सर म्हणाले. "आणि लोकल लोकांचं टेन्शन घेऊ नका. ही आमची स्टाफ बघा. याच गावातली." आणि मग ते वरचं वाक्य. त्याच्यापुढे आणखी एक. "आम्ही तयार केली तिला."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ब्लेझर, केस, नखं. "खरंच हो. किती नीटनेटकी आहे," त्या म्हणाल्या. मग मला, "तुमच्याकडे अजून ते मासे वाळत घालतात का गं गच्चीवर?"

"नाही मॅडम. आता कुणी नाही घालत."

मी म्हणाले हे. मी. आमची गच्ची तिथून दिसत होती. दोरीवर बोंबील होते, आईने सकाळीच घातलेले, आणि घालताना दोरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. वर मी सरांकडे बघून म्हणाले, "थँक्यू सर." हसलेसुद्धा. ते हसणं मला अजून टोचतं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलटून शिवी देता येते. कौतुक करून कुणी थोबाडीत मारली तर माणूस गाल चोळत आभार मानतो, तसं माझं झालं.

माझं काम सांगते. खाली सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीत प्रोजेक्टचं मॉडेल होतं. चार टॉवर, निळा स्विमिंग पूल, नखाएवढ्या गाड्या, विमानतळाच्या जागी तारेवर लटकवलेलं विमान. आमच्या गावाच्या जागी झाडं. हिरव्या स्पंजची, टूथपिकवर खोचलेली. माझ्या हातात लेझर असायचा. टॉवर दाखवायचा, पूल दाखवायचा, मग झाडांवर लाल ठिपका आणून म्हणायचं, "आणि हा ग्रीन बेल्ट." दीड वर्षं मी रोज स्वतःच्या घरावर ठिपका ठेवून ग्रीन बेल्ट म्हणत होते. पगार वेळेवर व्हायचा.

बाबा नव्हते. सरकारी संपादनात जमिनी गेल्यावर ते पावण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागले होते. तिथे छाती धरली ती धरलीच. मी बी.कॉम. झाले, दहा ठिकाणी फिरले, शेवटी घराच्या मागेच नोकरी लागली. सरांनी मला बोलायला शिकवलं हे खरं आहे. 'आहे'ला हाय म्हणायचं नाही, 'नाही'ला नाय म्हणायचं नाही, हसताना तोंड उघडायचं नाही. रिसेप्शनवरची शबाना मोरा बंदरावरची, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. तिला सांगितलेलं, फोनवर नाव सांगू नकोस. आम्ही दोघी जेवताना एकाच डब्यात हात घालायचो, पण या गोष्टी बोलायचो नाही. बोलून करणार काय?

आणि सर काही राजवाड्यातून आलेले नव्हते. त्यांचे वडील साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. सर स्वतःच सांगायचे हे, मीटिंगमध्ये, आम्हाला जोश यावा म्हणून. ज्याच्या बापाची पाठ वाकली त्याला दुसऱ्याचं ओझं कळेल असं मला वाटायचं. मूर्ख होते मी.

मग नवीन टॉवरचं बुकिंग सुरू करायचा रविवार ठरला. नेमका त्याच रविवारी गावात माझ्या चुलत बहिणीचा मांडव. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"संडेला तुमच्याकडे लग्न आहे म्हणे. अकरा ते दोन तो माइक बंद पाहिजे. कस्टमर असतात. तू मॅनेज कर. घरचंच आहे ना तुझ्या?"

"हो सर," मी म्हणाले.

काकांना पटवायला काही लागलंच नाही. नवरी त्यांचीच मुलगी, पण त्यांचे दोन डंपर याच साइटवर चालतात. बेंजोवाल्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि संध्याकाळी ये म्हणून सांगितलं. अडली ती आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती धवलारीण आहे. आमच्यात लग्नात भटजी येतो तो मागाहून. आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नाच्या एकेका विधीचं गाणं, आणि तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही की मुंडावळ्या बांधल्या जात नाहीत. धवला एकदा धरला की अर्ध्यात सोडायचा नाही. सोडला तर संसाराला उणं येतं असं आमच्या बायका मानतात. पहिला धवला आमंत्रणाचा. त्यात आत्या गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते आणि मग एकेका शेताला, नाव घेऊन. आमच्या गावात शेतांना नावं होती. भोकराची, वरली खार, बावडीवाली, पाचकुडी. ती शेतं मी पाहिलीच नाहीत. माझ्या जन्माआधी त्यांचे सेक्टर आणि प्लॉट नंबर झाले. आत्या मात्र दर लग्नात त्यांना या म्हणते.

ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले.

"आत्या, रविवारी दुपारचा माइक नको लावूस. सायेब लोक येतात तिकडं."

"यंव दे. आमी बोलावलंय का त्यांना?"

"माझी नोकरी हाय ती."

तिने सुपावरून नजर वर केली नाही. "तुजा सायेब बसलाय ती भोकराची. तुज्या आज्याची. तिला मी रैवारी बोलावनार. मंग काय सांगू तिला, हलू ये, कोनाला दिसू नको?"

आमच्या जमिनी गेल्या हे मला माहीत होतं. पण ज्या जागेवर उभी राहून मी ग्रीन बेल्ट दाखवते ती आमचीच भोकराची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. माझा राग सरांवर निघायला हवा होता, निघाला आत्यावर.

"एवढी भोकराची भोकराची करतेस," मी म्हणाले, "कागदावर तुझं नाव होतं का कधी?"

"नाय. लगीन झाल्यावं भावांनी अंगठा घेतला. हक्क सोडला मी. लुगडा दिला एक." ती खडे बाजूला काढत राहिली. "कागदावं नाय माजा नाव. पन भोकराची माज्या तोंडात हाय. तोंडातली कोन काढनार?"

मी सरांना काही कळवलं नाही. झालं मॅनेज, असंच त्यांना वाटलं.

रविवारी ऑफिस फुलांनी सजवलं होतं. मुलुंडचं जोडपं बुकिंग करायला आलं होतं. बाईंनी मला ओळखलं, गालाला हातसुद्धा लावला. मी मॉडेलपाशी उभी राहून टॉवर दाखवला, पूल दाखवला. साडेअकराला माइक सुरू झाला. बेंजो नाही, ताशा नाही. एकट्या म्हातारीचा आवाज, लांब, खेचलेला.

सगळ्यांनी माना वळवल्या. बाई म्हणाल्या, "अगंबाई, कुणी रडतंय का?"

सर हसले. "छे छे मॅडम. मागे थोडी झोपडपट्टी आहे. लेबर लोकांचं काहीतरी असेल. थांबेल आता." आणि माझ्याकडे बघून, दातांवर दात ठेवून, "सांग गं मॅडमना."

आवाज ओळखीचा, शब्द ओळखीचे. गावदेवी झाली, खाडी झाली, आता शेतांची नावं यायची होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. घरभाडं नव्हतं आम्हाला, पण आईची औषधं होती, उधारी होती. एक वाक्य बोलायचं होतं. लेबर लोक आहेत मॅडम, थांबेल आता. बस एवढंच.

मी लेझर काचेवर ठेवला.

"मॅडम, ती झोपडपट्टी नाही. आमचं गाव आहे. माझ्या चुलत बहिणीचा मांडव आहे आणि गातेय ती माझी आत्या. दोन वर्षांत काहीही हलणार नाही. ही झाडं खोटी आहेत. इथे आमची घरं आहेत. आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. आमच्या गच्चीवर बोंबील वाळतात. मी स्वतः घालते."

एवढं बोलल्यावर काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. कुणी चिडेल, कुणी खाली मान घालेल. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग सरांकडे.

"मग दुसऱ्या बाजूचा फ्लॅट दाखवा ना," त्या म्हणाल्या.

बास. माझं सगळं आयुष्य मी टेबलावर ओतलं आणि त्यांनी बाल्कनी बदलून मागितली.

सरांनी मला पॅन्ट्रीत नेलं. ओरडले नाहीत. "कार्ड ठेव इथे," म्हणाले. "किती पण शिकवा, शेवटी गाववालेच तुम्ही."

"हो सर," मी म्हणाले. "गाववालेच."

शबानाने माझी पर्स आणून दिली. ती लगेच रिसेप्शनवर परत गेली. तिच्या घरात तिचा एकटीचा पगार आहे.

मी तशीच, ब्लेझर घालून मांडवात गेले. आत्याच्या पुढ्यात जाऊन बसावं आणि सगळं सांगावं असं वाटत होतं. पण ती हळदीच्या धवल्यात होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते काकांनी. तोवर त्यांना फोन आला होता.

"अक्कल हाय का तुना?" पाहुण्यांसमोर बोलले. "माजे डंपर चालतात तिथं. तू उद्या लगीन करून जाशील. तुना कनाला पायजे गाव?"

सरांचं बोलणं मी गिळलं होतं. हे गिळलं गेलं नाही. सरांनी चौदाव्या मजल्यावरून माझं गाव पुसलं आणि काकांनी गावात उभं राहून मला पुसलं. दोघांनाही मी चालत होते, तोंड बंद असेपर्यंत. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. इकडे उलव्यात दर दोन गल्ल्यांमागे एक सेल्स ऑफिस आहे, मी सगळीकडे जाऊन आले. कळवतो म्हणतात, कळवत कुणी नाही. आई आणि मी सुकट-बोंबील घेऊन हायवेच्या कडेला बसतो. काकांचे डंपर चालू आहेत. टॉवरचे मजले चढताहेत. माझ्या बोलण्याने एक वीटसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, हे मला स्वच्छ दिसतं.

मागच्या आठवड्यात काका घरी आले. गोड बोलत होते. चहा घेतला. मग पिशवीतून कागद काढला. आमचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते नीट करायचंय म्हणाले. सही करायच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. एक आईसाठी, एक माझ्यासाठी. आईने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी कागद पहिल्या ओळीपासून वाचला. काका पाय हलवत होते. तिसऱ्या परिच्छेदात तो शब्द होता. हक्कसोड.

"सगल्याच पोरी करतात," काका म्हणाले. "तुज्या आत्यानी पन केला."

"म्हणून मी नाही करणार."

"मंग माहेर तुटला तुजा. तुज्या लग्नाच्या मांडवात कोन उबा रानार नाय, लक्षात ठेव."

मी आईच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि कागद त्यांच्या पिशवीत परत घातला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दीर तोडून या गावात बाईने कसं राहायचं, एवढंच तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

उद्या सकाळी मी पंचायतीच्या ऑफिसात जातेय. वारस लावायचा अर्ज मीच लिहिलाय. बाबांच्या वाट्याला आईचं नाव आणि माझं नाव. घेतला नाही तर पोच मागेन, पोच दिली नाही तर परवा पुन्हा जाईन. मी लग्न करेन, करणार नाही, या गावात राहीन, जाईन, ते माझं मी बघेन. माझं नाव इथून काढायचं तर माझी सही लागते. ती कुणालाही मिळणार नाही.