धक्क्यावरची गोधडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खतिजाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तुला सांगतो, कारण तुझं माझं नातं नाही. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, तेही म्हातारपणी गिरवलेलं — तर सांभाळून वाच.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. नवी सून पहिल्यांदा कुवेतला उतरली की नवऱ्याने विमानतळावर गोधडी घेऊन उभं राहायचं. अंथरायची, तिला घडीभर बसवायचं, मग घरी. पोलीस बघतात, अरब बघतात, पण आमची पोरं लाजत नाहीत. का? तर दादांनी दादीला धक्क्यावर अशीच बसवली होती म्हणून. हे सांगून झालं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, विनय.

विनय कसला आलाय?

रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून कुवेतला गेलेला मी पहिला. म्हणून मला मूळ पुरुष म्हणतात. पन्नासच्या पुढची सालं. तेल निघालेलं, मातीची घरं पाडून रस्ते करायचं चाललेलं. आणि मूळ पुरुष काय करायचा? कुवेत शहरातल्या शर्क मोहल्ल्यात एका खाणावळीत भांडी घासायचा, गच्चीवर सात जणांत झोपायचा. एकदा चुकून भात करायला दिला, तर जेवायला आलेल्या गवंड्याने तो चुन्यात मिसळायला मागितला. पण गावी पत्र लिहवून घेताना — मी मुकादम. हाताखाली चाळीस माणसं. दोन खोल्या, पंखा. पत्रात पंखा लावायला काय जातं?

तर खतिजाचं पत्र आलं. मुकादमाची बायको गावात का राहील? भावाने कागद केलेत, अमीनाला घेऊन येते. अमीना आमची मुलगी, दोन वर्षांची. मी तिला पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मग मी काय केलं? खोली शोधली? मालकाचे पाय धरले? सांगतो — थांब जरा.

तिची बोट पुढे बसऱ्याला जायची. बोटीवरचा आचारी आमच्या शेजारच्या गावचा. त्याला मी आधीच्या फेरीला सांगून ठेवलं, बसऱ्यापर्यंत कांदे सोलतो, मला ने.

हो. ती उतरणार त्याच बोटीत मी चढणार होतो. ती परक्या मुलखात, भाषा येत नाही, मूल कडेवर — आणि विचारायचं कुणाला, तर एका मुकादमाला, जो नव्हताच. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. कळूनच वळकटी बांधली.

मोठी बोट लांब पाण्यात थांबायची. लाँच माणसं धक्क्याला आणायची आणि जाणाऱ्यांना घेऊन परत फिरायची. मी तांदळाच्या पोत्यांमागे दडलो. ती उतरून पुढे गेली की लाँचमध्ये उडी मारायची. अंग दडवलं, डोकं दडवलं. वळकटी मात्र बाहेर राहिली, आणि वरती तिनेच शिवलेली गोधडी, माझ्या हिरव्या लुंगीचं ठिगळ लावलेली.

"ही माझी गोधडी," पलीकडून आवाज आला. "आणि ओ, तुम्ही खाली बसून काय करताय?"

मी उठलो. म्हटलं, "तुला बसायला आणली. धक्का तापलाय."

विचारही करावा लागला नाही, बघ. ती बसली. डोळे भरून आले तिचे. लाँच माझ्याशिवाय सुटली.

पुढचा आमच्या घराण्याचा इतिहास, आणि तो सगळा तिचा. खाणावळीत आल्यावर म्हणाली, "मुकादमसाहेब, चाळीस माणसं कुठायत?" मी खरकट्या ताटांकडे बोट केलं. इतकी हसली की अमीना घाबरून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती चुलीशी उभी. झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, कोकमात असं काही केलं की कोकणातले, मलबारचे, इराणी, सगळे दारात रांगेने. काही वर्षांत शेजारच्या दस्मान मोहल्ल्यात आमची स्वतःची खाणावळ, वर तीन खोल्या, खरेखुरे तीन पंखे. गावातून पुढे जो जो उतरला त्याने पहिला घास तिच्या हातचा खाल्ला. भाऊ आले, भाचे आले, त्यांच्या बायका आल्या. अमीना शिकून मास्तरीण झाली, आमच्यात पहिली. आज ईदला आमचं घराणं एका घरात मावत नाही, जिन्यावर पंगत बसते. मूळ पुरुष खरंच मी असतो तर जिनासुद्धा नसता.

मुकादमाची थाप तिने जन्मभर चेष्टेत उडवली. दुसरी तिला कळलीच नाही. शेवटच्या आजारात एकदा माझा हात धरून विचारलं, "त्या दिवशी उन्हात किती वेळ उभे होता ओ माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "सकाळपासून."

सकाळपासूनच होतो. लाँच चुकू नये म्हणून.