काकूंच्या कपात किती मैदा

शेजारच्या दुकानात काकू केक करून विकायच्या. मी शिंपी. आमच्या दोन दुकानांमध्ये एक पातळ भिंत आहे, त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं. जे येत नाही ते मी जाऊन विचारतो.

काकूंचं माप म्हणजे कान तुटलेला एक कप. एका मोठ्या केकला दहा कप मैदा, बाकी सगळं त्याच्या बेताने. "कप हलक्या हाताने भरावा, दाबू नये," हे त्या येईल त्याला सांगायच्या. मलाही सांगून झालं होतं, मी काही विचारलेलं नसताना.

मग त्यांचं मनगट धरायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि त्यानंतर कित्येक महिने फेटणं, ढवळणं बंद. मुलगा म्हणाला, "दुकान भाड्याने देऊ. मोबाइलवाला तयारच आहे." काकूंना ते मुळीच नको होतं.

"मी चालवते की," सून म्हणाली. "पण आई, माझा कप दर वेळी वेगळा भरतो. मला ग्रॅममध्ये सांगा."

"ऑपरेशनच्या आत जमलं तर जमलं," मुलगा म्हणाला.

सुनेने काटा आणला. काकूंनी अगदी फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा कप भरला. चमच्याने अलगद मैदा घातला, वरून सुरी फिरवली. एकशेवीस ग्रॅम. सुनेने दहाने गुणलं आणि केक केला. तो भट्टीत फुगला आणि मधोमध बसला. दुसराही बसला. काकूंचा त्याच दिवशीचा केक मात्र चांगला उंच.

"हाताची सवय लागते गं," काकू म्हणाल्या. त्या चक्क खूश दिसत होत्या. मला रागच आला. या बाईला दुकानही राहायला हवं होतं आणि सूनही नापास व्हायला हवी होती.

सून डोकेबाज. तिने कपाचा नाद सोडला. सकाळी मैद्याचा डबाच काट्यावर ठेवून वजन बघून घेतलं. काकूंना त्यांच्या तंद्रीत केक करू दिला आणि मग डबा पुन्हा काट्यावर ठेवला. दीड किलो कमी भरला.

"आई, तुमचा कप दीडशे ग्रॅमचा आहे."

"काहीतरीच काय!"

"तुम्ही कप डब्यात खुपसता आणि अंगठ्याने दाबता. मी बघितलं."

"मी? दाबते?" काकूंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो मैद्याने पांढराफटक झाला होता.

मी दारातच उभा होतो, हसलो. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने मशीनवर जाऊन बसलो.

ऑपरेशन झालं. हात गळ्यात अडकवून काकू गल्ल्यापाशी बसू लागल्या. एकदा शाळेतल्या एक बाई केक खाता खाता म्हणाल्या, "काकू, एका हातानेच कामाला लागलात की! दुसऱ्या कुणाला असा जमणं शक्यच नाही."

सून आत काट्यावर मैदा ओतत होती. तिने मानही वर केली नाही.

"हा हिने केलाय," काकू म्हणाल्या.

बाई गेल्यावर काकू उठून आत सुनेजवळ गेल्या.

"मला फार वाईट वाटलं गं," त्या तिला म्हणाल्या. "माझ्यावाचून होणारच नाही असं वाटायचं मला."

"आई, तसं नाही..."

"असू दे. दुकान राहिलं. उद्या रविवार आहे, तीन किलो घे."