कंडक्टरताईंचा गप्प रविवार

कंडक्टरताईंना गप्प बसवणं म्हणजे वाहत्या नळाच्या तोंडाला बोट लावणं. बोट लावलं की पाणी दोन्ही बाजूंनी उडतं आणि लावणाराच भिजतो. हे त्यांच्या नवऱ्याचं मत, आणि बारा महिने तेरा काळ त्या नळाखाली उभा राहिलेल्या माणसाच्या मताला किंमत द्यायलाच हवी. तो वायरमन. दिवसभर खांबांवर आणि शिड्यांवर एकटाच असतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला कान होते तेवढे पुरायचे.

ताईंचा धंदाच बोलण्याचा. शहर बसमध्ये सकाळपासून, "पुढे सरका, मध्ये जागा आहे. दांडी धरा. सुट्टे काढून ठेवा, ऐनवेळी खिसे चाचपू नका." ड्युटी संपली तरी तोंडाचा पट्टा काही थांबायचा नाही. स्वयंपाकघरात सासूबाई ओट्यापाशी उभ्या असल्या तर त्यांनाही, "जरा पुढे सरका." सासूबाई सरकायच्या, पण सरकताना एक शेलकं वाक्य मागे ठेवायच्या. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. दोघींना एकमेकींचं ऐकायला वेळच नव्हता, भांडणार कुठून?

रविवारी मात्र ताई वेगळ्या. म्हणजे बोलायच्या तेवढंच, पण गळ्यात स्काउटचा रुमाल घालून. वाचनालयामागच्या हॉलमध्ये त्यांचं पथक भरायचं. भिंतीवर एका फळ्यावर पुढचे कार्यक्रम खडूने लिहिलेले, दुसऱ्या फळ्यावर मुलांनी मिळवलेले बिल्ले टाचलेले. प्रथमोपचार, पोहणं, स्वयंपाक, नकाशा वाचणं. बघणाऱ्याचा ऊर भरून यावा असा तो फळा होता. फक्त तंबूचा बिल्ला तिथे नव्हता, आणि त्याला जबाबदार ताईंची जीभ होती.

विभागीय मेळाव्यात तंबू उभारायची स्पर्धा असते. तिचा नियम साधा आहे. मुलं आत, पथकप्रमुख दोरीच्या बाहेर. बाहेरून शब्द नाही, खूण नाही, खोकलासुद्धा संशयास्पद. मागच्या वर्षी सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात पथकातला डुलकी खुंटी ठोकायला बसला. उभ्याउभ्या पेंगायची सवय म्हणून त्याचं नाव डुलकी. पोराने खुंटी सरळ ठोकली. खुंटी तंबूपासून बाहेर झुकती, तिरकी ठोकायची असते, नाहीतर दोरीच्या ओढीने उपटून येते. ताईंना दिसलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "अरे तिरकी ठोक, तिरकी!" पंचांनी शिट्टी वाजवली आणि पथक बाद झालं.

परतीच्या बसमध्ये ताईंनी सगळ्यांची माफी मागितली. आता माफीसुद्धा थोडक्यात मागायची असते, पण हे त्यांना कोण सांगणार? घर येईपर्यंत त्या माफीच मागत होत्या. डुलकी मात्र खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि चक्क जागा होता.

यंदा मेळाव्याची तारीख फळ्यावर लागली, त्याच आठवड्यात जुन्या तंबूने मान टाकली. शिवणी उसवल्या, कापड हात लावताच फाटायला लागलं. शिंप्याने हात जोडले. नवा तंबू घ्यायचा तर निधी उभा करणं आलं. मुलांनी सायकली धुतल्या, रोपं विकली, जुनी पुस्तकं विकली. निम्मंशिम्मं जमलं आणि गाडी तिथेच अडली.

ताईंना त्याची एवढी चिंता नव्हती. चिंता लागली ती डुलकीमुळे. हॉल झाडून झाल्यावर तो त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, माझं नाव काढा. मी नाही येत मेळाव्याला."

"का रे? बरं नाही का? परीक्षा आहे? आई नको म्हणाली?"

त्याने सगळ्या प्रश्नांना नकारार्थी मान हलवली. "मी असलो की तुम्हाला बोलावं लागतं," म्हणाला, झाडू कोपऱ्यात ठेवला, फळ्यावरच्या यादीतलं आपलं नाव पुसलं आणि निघून गेला.

ते वाक्य ताईंच्या मनाला लागलं. बसमध्ये लोकांनी त्यांना काय काय ऐकवलेलं, त्यातलं एकही असं लागलं नव्हतं. मागच्या वर्षी आपण पथकाला बाद केलं एवढंच त्यांना वाटत होतं. त्या पोराला आपण सगळ्यांसमोर नालायक ठरवलं, हे आज कळलं. रात्री जेवताना त्यांनी ते घरात सांगितलं, आणि ताट बाजूला सारलं.

वायरमनने वातावरण हलकं करायला म्हटलं, "एक दिवस गप्प बसून दाखव. तंबूला मी पैसे देतो."

"मीही देते," सासूबाई म्हणाल्या. त्या मात्र गंमत करत नव्हत्या.

नेमकी त्याच वेळी पथकाची संघनायिका दोरखंड परत द्यायला दारात उभी होती. उंच, काटकुळी, सगळे तिला शिडी म्हणत. शिडीचं डोकं तिच्या उंचीला साजेसं होतं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर, किराणा दुकानावर आणि बस डेपोत कागद चिकटले: येत्या रविवारी सूर्योदय ते सूर्यास्त ताई गप्प राहणार. वर्गणी द्या. एक शब्द बोलल्या तर पैसे परत.

बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. इथे न बोलणारीचं सोनं झालं. डेपोतल्या ड्रायव्हरांनी टोपी फिरवून वर्गणी गोळा केली. किराणावाला म्हणाला की असं पुण्य रोज लाभत नाही. सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यातून घडी केलेली नोट काढली आणि वर्गणीच्या डब्यात टाकताना नुसत्या सुनेकडे बघून हसल्या.

रविवार उजाडला. ताई हाताची घडी घालून घराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. शिडी आणि चारपाच मुलं पाळत ठेवायला. डुलकीही आला होता, पण जरा लांब, कुंपणाला टेकून. लोक मुद्दाम वाकडी वाट करून येत होते. कोणी बसचा मार्ग चुकीचा सांगत होतं, कोणी भाडं चुकीचं. ताईंच्या ओठांची नुसती थरथर. नवऱ्याने तर कहर केला. जमलेल्या पोरांना तो लग्न कसं ठरलं ते सांगू लागला. "तुमच्या ताईच माझ्या मागे लागल्या होत्या बरं का. मी नाहीच म्हणत होतो." ताईंचा चेहरा लालबुंद झाला, पण त्या मूग गिळून बसल्या. ते ऋण त्यांनी पुढे व्याजासकट फेडलं, पण तो विषय वेगळा.

उन्हं कलली. समोरच्या थांब्यावर एक आजी रोज इस्पितळाच्या बसने जायच्या, लेकीला जेवण द्यायला. आज त्या भलत्याच बसमध्ये चढल्या. ताईंनी बसचा क्रमांक पाहिला आणि ताडकन उठल्या. बस हलली होती. बोलल्या तर तंबू गेला, आणि न बोलल्या तर आजी दूर कुठेतरी गावाबाहेर उतरणार.

ताई धावल्या, बसच्या पत्र्यावर मागून हाताने एकदा थाप मारली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे ड्रायव्हरच्या पायाला कानाआधी कळतं. ब्रेक लागला. ताईंनी आजींना हाताला धरून उतरवलं, डबा सांभाळला, बाकावर बसवलं आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या. बस गेली.

किराणावाला लगेच पुढे. "हे बोलणंच झालं. पैसे परत."

"पत्रा बोलला," सासूबाई म्हणाल्या. "ती नाही बोलली. माझे पण पैसे आहेत त्यात, मला सांगू नका." त्यावर अपील नव्हतं. ताई सासूबाईंकडे बघतच राहिल्या, आणि आभार मानायची सोय नव्हती.

डुलकी कुंपण सोडून जवळ आला. "ताई, मेळाव्यातही जमेल तुम्हाला?"

ताईंनी होकारार्थी मान डोलावली. डुलकीने त्यांचा चेहरा नीट पाहून घेतला. मग तो हॉलकडे गेला, आणि फळ्यावर पुसलेलं स्वतःचं नाव खडूने पुन्हा लिहून आला.

मेळाव्याचा दिवस आला. नवा तंबू, कोरं कापड, मोठं मैदान. ताई दोरीबाहेर, हाताची घडी तोंडावर बोट. वायरमन आणि सासूबाई मागे खुर्च्यांवर. शिट्टी झाली, मुलं भिडली. खांब उभे राहिले, दोऱ्या ताणल्या गेल्या. आणि डुलकीने खुंटी ठोकली. सरळ.

ताईंनी पाहिलं. तंबू एका अंगाला झुकायला लागला. त्यांनी स्वतःचा दंड इतका घट्ट दाबला की बोटांचे वळ उठले. डोळ्यांनीही काही सांगू नये म्हणून त्यांनी नजर खाली वळवली, स्वतःच्या बुटांकडे. त्यांना वाटत होतं, पुन्हा हरलो तरी चालेल, पण आज हे पोर माझ्यामुळे हरायला नको.

आणि मग त्यांना आवाज ऐकू आला. बसमधला त्यांचाच सूर, पण गळा पोरगेला. "सरका, पुढे सरका. घाई नाही, जागा आहे." डुलकी स्वतःशीच बोलत खुंटी उपटत होता. त्याने ती उचलली, तिरकी धरली, ठोकली. शिडीने दोरी ताणली. तंबू सरळ उभा राहिला. पंचांनी दोरीला धरून जोर लावला, खुंटी जागची हलली नाही.

त्यांचा दुसरा नंबर आला. पहिल्या दोन पथकांनाच पुढच्या मोठ्या शिबिराला जायचं होतं, म्हणजे तेही निघाले. डुलकीच्या शर्टावर तंबूचा बिल्ला लागला. तो सारखा मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता.

बक्षीस देताना पंचांनी माईक ताईंच्या हातात दिला. "मागच्या वर्षी यांना बाद करावं लागलं होतं. आज यांनी दोन शब्द बोलावेत."

सगळं पथक कान टवकारून बसलं. ताईंनी माईक तोंडापाशी नेला. डुलकीकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. डोळे वाहत होते, माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मैदान वाट बघत राहिलं.

शेवटी मागच्या खुर्च्यांवरून सासूबाईंचा आवाज आला. "बोल गं बाई, बोल. हवं तर मी दुप्पट देते."