मुठीतला बिब्बा

बुढीने, म्हणजे माझ्या बायकोने, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लाखोळीची भाजी खुडणं. धान निघालेल्या बांधीत लाखोळी कोवळी झाली होती. ती ओटीत शेंडे टाकत होती आणि दर चार पावलांनी थांबत होती. मी म्हणालो, "काहून थांबून राहिली? भाजी पळून जाते काय?" ती हसली. "भाजी नाही पळत जी, जीव पळून राहिला." धाप तिला नेहमीचीच. वयाची धाप म्हणून आम्ही दोघांनी सोडून दिलं. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती, आणायला उशीर केला.

मी चौथी शिकलेला माणूस. झडप मला समजली नाही, उशीर तेवढा समजला. तेव्हापासून देवाचं नाव घेतलं नाही. खोटं कायले लिहू, शिव्या दिल्या त्याला.

मुलगा-सून बाहेरगावी कामाला, घरात मी आणि दहा वर्षांची नात. दोन महिन्यांनी तिचा घसा दुखला, ताप येऊन गेला. मग गुडघा सुजला. तो उतरला तर मनगट सुजलं. आमच्याकडे सांध्याला वात म्हणतात आणि बिब्ब्याचा चटका देतात. बुढीच्या गुडघ्यांवरही तिच्या आईने लहानपणी दिलेल्या चटक्यांचे काळे डाग होते. मीही शेजाऱ्याकडून बिब्बा मागून आणला.

परतताना मारुतीच्या पारावर माणसं जमलेली. शाळेचे पत्रे बदलून राहिले होते, म्हणून सरकारी शिबिर तिथं आलं होतं. नाही तर मी कशाला ऐकायला जातो! एक नर्सबाई हृदयाचं चित्र टांगून सांगत होती, "सरकारनं या दुखण्याच्या शोधाले पैसा देल्ला, म्हणून आम्ही गावोगाव तपासून राहिलो. घसा दुखून गेल्यावर सांधे एकामागून एक सुजले, तर बिब्बा देत बसू नका. तेच दुखणं झडपेले धरते. वेळेवर औषध भेटलं तर लेकरू वाचते."

माझं डोकं फिरलं. "माही बुढी मेली तवा कुठं होतं तुमचं सरकार?"

बाई रागावली नाही. "उशीर झाला बाबा, खरं आहे. घरी अजून कोणाचे सांधे सुजले काय?"

मी मूठ उघडून दाखवली. तिने बिब्बा पाहिला, बॅग उचलली. "चला, घर दाखवा." नातीच्या छातीला नळी लावली आणि जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

कोणी याला योगायोग म्हणेल. म्हणो. मी शिव्या दिल्या तरी देवाने माझ्या घराची वाट सोडली नाही, एवढंच मला कळतं. बुढी गेली याचं उत्तर त्याने दिलं नाही. मीही आता मागत नाही.

दुसऱ्या दिवशी साकोलीहून पहिली बस धरून भंडाऱ्याला गेलो. मशीनवर पाहून डॉक्टर म्हणाले, झडपेला जरासं लागलं आहे, पण वेळेत आणली. दर तीन आठवड्यांनी सुई, कित्येक वर्षं. शाळा, खेळणं सारं होईल. सुई पाहून नात मला बिलगली. मीही तिला सोडेना.

"बाबा, तुम्ही बाजूले व्हा. आम्ही आहो नं," तिथली नर्स म्हणाली.

बाजूला झालो. डोळे मिटून म्हटलं, घे बापा, आता तुझंच लेकरू.

"आबा, डोळे उघडा जी! सुई मले टोचली, तुमाले नाही!"