प्रेमगीतातली बाई

एका इंग्रजी प्रेमगीतात मला बाई सापडत नव्हती.

गाणं माझ्या सासऱ्यांचं. अप्पा तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, तेव्हा त्यांनी एक छोटी रेकॉर्ड आणली होती. अमेरिकन 'सोल' गाणं, एक पुरुष आणि एक बाई. (नाव विचारू नका, लेबल कधीच झिजलंय.) त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी स्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, ते माझ्यासोबत गायचं ठरवलं. मलाही संधी हवीच होती. बारा वर्षं झाली, अप्पा माझी ओळख 'हे स्मिताचे मिस्टर' एवढीच करून देतात. नाव म्हणून घेत नाहीत हो!

"मला लहानपणापासून पाठ आहे. तुम्ही फक्त पुरुषाचं पाठ करा," असं बजावून, रेकॉर्ड आणि अप्पांचा प्लेअर माझ्या गळ्यात मारून स्मिता तयारीसाठी माहेरी गेली.

मी रेकॉर्ड लावली आणि लगेच फोन केला.

"अगं, यात बाई कुठाय?"

"कानात बोळे घातलेत का? जाड आवाज तो पुरुष, बारीक ती बाई!"

परत ऐकलं. एक जाड आवाज होता. बाकी कुणीतरी लोखंडी कपाट सरकवत होतं (ते मी संगीत समजलो). झालं! जाड आवाजाचं पाठ करायला घेतलं. आठ दिवस असा काही गायलो की खालचे शहाभाई वर आले. "भाईसाब, पेट में दर्द है क्या? डॉक्टर को बुलाऊँ?"

हॉलमध्ये दीडशे पाहुणे. स्मिताने पहिली ओळ उचलली. मीही तीच उचलली! तिने डोळे वटारले. मला वाटलं, चुकली बिचारी, म्हणून आणखी जोरात गायलो. मग पुरुषाची ओळ आली आणि दोघंही गप्प!

"अहो, तुमचं आहे!"

"माझं मघाशीच झालं!"

"ते बाईचं होतं!"

"काहीतरीच काय! चांगला बाप्या गात होता!"

अप्पा उठून स्टेजवर आले.

"किती स्पीडवर ऐकलंत?"

"स्पीड? गाण्याला स्पीड असतो?"

"अहो, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची रेकॉर्ड तेहतीसवर फिरवलीत तुम्ही! इतकी हळू फिरली की बाईचा आवाजसुद्धा पुरुषी होतो!"

"म्हणजे... ते कपाट हा पुरुष होता?"

हॉल हसून हसून लोटपोट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली सटकणार, तोच अप्पांनी हात धरला. "पाठ केलंय ना? मग गा!" स्मिताचा माईक घेऊन पुरुषाचं त्यांनी स्वतःच सुरू केलं. बाईचं अर्थातच मी. सासूबाई समोर बसून टाळ्या वाजवत होत्या.

अप्पांनी माझं नाव अजूनही घेतलेलं नाही. पण दीडशे पाहुण्यांसमोर, माझ्या डोळ्यांत डोळे घालून, त्यांनी मला चार वेळा 'डार्लिंग' म्हटलं!