गणपतच्या वाट्याचे हिवाळे

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने सिंदीहून गणपत भोयरचा धाकटा भाऊ वर्ध्याला आला आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "दादा गेले, मास्तर. न्यूमोनियानं." एवढंच. गणपत माझ्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, मी मराठी. वय चौतीस. आम्ही दोघंही आपापल्या घरातले पहिले पदवीधर. मी ते मिरवतो, तो मिरवत नसे. कॉलेज उघडल्यावर शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "स्नेहसंमेलनाच्या नाटकांना भोयरांसारखे दिवे लावणारा माणूस पुन्हा मिळणे नाही." रसायनाबद्दल चकार शब्द नाही... म्हणून हे लिहितो आहे.

त्याचं काम मला समजलं तेवढं सांगतो. धातू आणि कार्बन यांना थेट एकमेकांशी जोडायचं. परदेशात लोखंडाचं असं एक नारिंगी संयुग निघालं होतं. नागपूरच्या ग्रंथालयात त्याच्यावरचा निबंध वाचून आला, तेव्हा दोन दिवस हा माणूस जेवताना आपल्याशीच हसत होता. त्याला दुसऱ्या धातूंची तशी संयुगं करायची होती, डॉक्टरेट त्यावरच मिळवायची होती. पण ते काम ईथरमध्ये चालायचं, आणि ईथर पस्तीस अंशांच्या आतच उकळतं. आमच्याकडे एप्रिलात सावलीतच त्रेचाळीस! पावसाळ्यात हवेतला ओलावा सगळं नासवतो. "माह्या कामाचा हंगाम कापसावानी हाय," तो म्हणायचा, "दिवाळी ते शिवरात्री. पुढं नुसत्या वाळल्या पऱ्हाट्या."

आणि स्नेहसंमेलन जानेवारीत, तालमी डिसेंबरपासून. त्याचा प्रमुख मी. पहिल्या वर्षी मीच त्याला ओढलं. मिठाच्या पाण्याच्या बरण्यांत तारा जोडलेले पत्रे हळूहळू बुडवून त्याने दिवे उजळत नेले आणि रंगमंचावर अशी पहाट फुलवली, की पात्राने तोंड उघडायच्या आधीच टाळ्या पडल्या. ती पहाट त्याला भोवली. पुढे दरसाल दिवे त्याच्याच गळ्यात.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याने अर्ज केला : दोन महिने सगळे तास सकाळी घेतो, बाकीचा वेळ प्रयोगशाळेत काढू द्या. प्राचार्य हसले. "उन्हाळ्याची एवढी सुट्टी असते, भोयर. तेव्हा काय आंबे चोखता?" मी शेजारीच उभा होतो. ईथरचं मला ठाऊक होतं. नागपूरच्या मार्गदर्शकांनी त्याला हा हिवाळा शेवटचा म्हणून दिला आहे, हेही ठाऊक होतं. पण त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती... मी बोललो नाही.

आठवड्याभराने, भर दुपारी, त्याची ईथरमधली रासायनिक क्रिया चालू असताना मीच निरोप घेऊन गेलो. प्राचार्यसाहेब तालीम पाहायला आले होते, त्यांना पहाट दाखवायची होती.

"काऊन बे? त्याईले सांग ना, भोयर काम करून राह्यला."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, गणपत."

"तुले तं सारं समजते ना बे? तरी?"

आला. दीड तास गेला. परतलो तेव्हा चंबूभोवतीचा बर्फ वितळला होता, ईथर उडून गेलं होतं आणि तळाशी तपकिरी चिखल उरला होता. त्याने चंबू धुतला. त्या दिवसापासून तो मला 'बे' म्हणाला नाही. "पहाट पाहिजे की सांज, एवढं सांगा, सर," असं विचारायचा. अगदी शुद्ध मराठीत.

माझी नोकरी कायम झाली. त्याची डॉक्टरेट गेली.

काल प्राचार्यांनी विचारलं, "यंदा दिव्यांना कोण?" मी म्हणालो, "कुणी नाही," आणि उत्तराची वाट न पाहता प्रयोगशाळेतल्या त्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. सकाळचे दहा वाजले होते. भिंतीवर तापमापी, बाजूला चुन्यावर पेन्सिलीने तारखांसह लिहिलेले तापमानाचे आकडे, एका हिवाळ्याखाली दुसरा. मला वाटलं होतं, त्या वर्षानंतर भिंत कोरी असेल. नव्हती. आकडे यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारपर्यंत आले होते. तापमापीत एकवीस होतं, हवा कोरडी. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली होती. मी तिला हात लावला नाही.